फिल्टरच्या आधीची हवा

मामाजी,

तेरवी होऊन आठवडा झाला तरी माणसं येतातच आहेत. ओसरीतली सतरंजी अजून उचललेली नाही. येणारा बसतो, पाणी पितो, तुमच्या फोटोकडे पाहतो आणि म्हणतो, "लय शांत मानूस होते जी." मग मला उठून स्वयंपाकघरात जावं लागतं, कारण हसू आवरत नाही. शांत! गाडीच्या एका फिल्टरपायी ज्या माणसाने आपल्या मुर्रीतली अर्धी गल्ली डोक्यावर घेतली, सुनेशी चार दिवस बोलणं सोडलं, आणि पीयूसीवाल्याला "मशीन लाव नाहीतर मी इथंच बसतो" म्हणून धमकावलं, तो शांत! परवा आईही माझ्यामागे आत आल्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि पदर लावून त्याही हसल्या. खांदे हलताना पाहून बाहेरच्यांना वाटलं, सासू-सुना रडून राहिल्या. वाटू द्या. थोडं तेही होतंच.

लोकांना तुमच्याबद्दल सांगायचं म्हटलं की मी थांबते. कुठे जन्म, किती वर्षं राईस मिलमध्ये फिटर, किती धानाची शेती, हे सगळं तुमचा नीलेश सांगतो आणि चांगलं सांगतो. मला सांगायचं आहे ते गाडीच्या बॉनेटखालचं आहे, आणि ते ऐकायला ओसरीत कुणाला वेळ नाही. म्हणून तुम्हालाच सांगते.

तुम्ही मला पाहायला कोहमाऱ्याला आलात तो दिवस आठवतो? बाबांचं टायरचं दुकान हायवेला लागून, घर त्याच्या मागे. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले. बाकीच्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. तुम्ही नुसती बशी हातात धरून बसला होतात. मग एकदम म्हणालात, "तुमी गाडीच्या सर्व्हिस सेंटरमधी काम करता म्हनते. एअर फिल्टर किती किलोमीटरनं बदलता जी तिथं?"

बाबा चाटच पडले. मी म्हटलं, "कंपनीच्या पुस्तकात लिहिलं आहे तेवढ्याने."

"पुस्तक लिवनाऱ्यानं गोंदियाची धूळ पाह्यली हाये काय?"

"त्याच पुस्तकात लिहिलं आहे की धुळीच्या भागात लवकर बदला. ते पान कुणी वाचत नाही."

 माझ्या आईने दारातून मला डोळे वटारले. तुम्ही पोह्यांचा एक घास घेतला, सावकाश चावलात आणि नीलेशकडे वळून म्हणालात, "जमलं आपलं." नीलेशला तोवर मी नीट दिसलेही नव्हते. आजही तो म्हणतो, माझं लग्न बाबांनी फिल्टरवर ठरवलं.

सून म्हणून आले तेव्हा घरात मोटरसायकल होती आणि मिलच्या जुन्या ट्रॅक्टरच्या आठवणी होत्या. गाडी दोन वर्षांनी आली. नीलेशच्या बियाण्यांच्या दुकानाला आणि माझ्या नोकरीला मिळून जमली. कागदावर ती माझ्या नावावर होती, पण किल्ली पहिल्या संध्याकाळीच तुमच्या खिशात गेली आणि तिथेच राहिली. सकाळी शेतावर, दुपारी मिलवर जुन्या दोस्तांना भेटायला, संध्याकाळी आईंना देवळात. मिलमागचा कच्चा रस्ता तुमचा लाडका, कारण तो जवळचा. दिवाळीनंतर धान आलं की त्या रस्त्यावर भुशाची धूळ अशी असते की दुपारीही समोरची सायकल धुरकट दिसते.

पहिल्या मोठ्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने फिल्टर काढून टेबलावर आपटला. मूठभर भुसा पडला. तुम्ही तो चिमटीत घेऊन चोळलात, वास घेतलात. मग जे म्हणालात ते आमच्या सेंटरमध्ये अजून नक्कल करून सांगतात: "येवढं महागाचं इंजिन, अन नाकात केस नाई!"

मी म्हटलं, "मामाजी, फिल्टर आहे म्हणून तर आत गेलं नाही. आता नवा टाकू, झालं."

"अना सहा महिन्यानं पुन्ना?"

"पुन्हा."

"मंग आमी मिलमधी तीस वर्सं काय केलं?"

हा प्रश्न तुम्ही मला विचारला नव्हता, हे मला पुढे कळलं. तो तुम्ही स्वतःलाच विचारत होतात.

माझ्या कामाबद्दल तुम्हाला तेव्हा एवढंच माहीत होतं की सून काउंटरमागे बसून कॉम्प्युटर चालवते. प्रत्यक्षात मी काय करते, तर कंपनीच्या वॉरंटीतली गाडी बिघडून आली की मी ठरवते, दोष कंपनीचा की मालकाच्या उपद्व्यापाचा. कंपनीचा असला तर पार्ट फुकट. उपद्व्यापाचा असला तर मी जॉब कार्डावर दोन ओळींचा शेरा लिहिते आणि समोरचा माणूस मला मनात शिव्या देतो. कधी मनाबाहेरही देतो. कुणी हॉर्न बदलतो, कुणी वायरी तोडून दिवे लावतो. कुणी हवेचा मूळ फिल्टर काढून बाजारातला तेल लावायचा कापडी फिल्टर बसवतो, त्याने गाडी जास्त पळते असं मोबाईलवर पाहून.

तुम्हीही मोबाईलवर पाहत होतात. मला ते दिसत होतं. मी पोळ्याला माहेरी गेले आणि तुम्ही बस पकडून रायपूरला गेलात.

परत आले तर तुम्ही अंगणात बॉनेट उघडून उभे, चेहऱ्यावर असं समाधान की जणू घरात नातू झाला. आत लालभडक कापडी फिल्टर. "धुवाचा, वारवाचा, तेल लावाचा, पुन्ना बसवाचा. जिंदगीभर बदलाची गरज नाई."

"किती तेल लावलंत?"

"जितकं पेलं तितकं."

मी डोक्याला हात लावला. तुम्हाला वाटलं, कौतुकाने. मी तेव्हाच तो काढायला लावायला हवा होता. पण दमून आले होते आणि तुम्ही इतके खुश होतात. म्हटलं, रविवारी बोलू. तो रविवार आलाच नाही, कारण गुरुवारी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

त्याच आठवड्यात गाडीला वर्ष होत होतं, पहिली पीयूसी काढायची होती. तुम्ही पप्पूभाईच्या टपरीवर गेलात. पप्पूभाईने सवयीप्रमाणे गाडी लांबूनच पाहिली आणि म्हणाला, "बाबूजी, नई गाडी है, नली-वली क्या डालना. दो मिनट बैठो, पर्ची देता हूँ." हे तुम्हीच नंतर मला रंगवून सांगितलंत. दुसरा कुणी असता तर चिठ्ठी घेऊन निघाला असता. दिवा लागलेली गाडी आणि न तपासता चिठ्ठी, आणखी काय पाहिजे! पण तुम्ही म्हणालात, "मले पर्ची नाई पाह्यजे. मले आकडा पाह्यजे. नळी टाक." पप्पूभाईला नळी सापडायलाच वेळ लागला. शेवटी सायलेन्सरमध्ये नळी गेली, मशीनने आकडा दाखवला आणि गाडी नापास झाली. चांगलीच नापास झाली. पप्पूभाई म्हणाला, जाऊ द्या, मी पास लिहितो. तुम्ही म्हणालात, नापास तं नापास, तसाच कागद दे.

तो नापासाचा कागद घेऊन तुम्ही सरळ आमच्या सेंटरवर आलात. आमच्या मेकॅनिकने हवा मोजणारा सेन्सर काढला. फिल्टरच्या पुढे, नळीत, बारीक तारेचा असतो तो. आत किती हवा गेली हे तो इंजिनला सांगतो आणि इंजिन तेवढंच पेट्रोल टाकतं. त्या तारेवर तुमच्या फिल्टरचं तेल जाऊन बसलं होतं. सेन्सर भलतंच सांगत होता आणि इंजिन भलतंच पेट्रोल पीत होतं. म्हणून दिवा, आणि म्हणून नापास.

जॉब कार्ड माझ्या टेबलावर आलं. मॅनेजर साहेब मागून म्हणाले, "घरची गाडी आहे ना तुमची? सेन्सर खराब निघाला म्हणून लिहून टाका. कोण पाहतंय?"

मामाजी, मी ती खोटी ओळ अर्धी टाइप केली होती. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. अर्धी केली आणि थांबले, कारण दोन महिन्यांपूर्वी आमगावकडच्या एका माणसाचा अगदी असाच क्लेम मी नाकारला होता. तसाच लाल फिल्टर, तसंच तेल. भाड्याने गाडी चालवणारा माणूस होता. हात जोडून उभा होता आणि मी त्याला पुस्तकातलं पान दाखवलं होतं. तो चेहरा समोर आला. मी ओळ पुसली आणि लिहिलं: बाहेरच्या फिल्टरचे तेल सेन्सरवर, वॉरंटीत बसत नाही. खाली सही केली.

रात्री जेवताना तुम्ही विचारलंत, "कंपनी नाई म्हनली म्हनते. कोनं लिवलं?"

नीलेशने माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी लिहिलं."

"काऊन?"

"कारण खरं तेच होतं."

तुम्ही हात धुतलात. पुढचे चार दिवस आईंच्या मार्फत बोललात. मी समोर बसलेली, आणि तुम्ही आईंना म्हणायचात, "तिले सांग, वरनात मीठ कमी हाये." आई पहिल्या दिवशी सांगायच्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी काय टेलिफोन हावो काय?" सेन्सर आपल्या पैशाने बदलला, मूळ फिल्टर परत बसला, गाडी पास झाली, पण घरातला पिवळा दिवा काही विझेना. मला वाईट वाटत होतं. पश्चात्ताप मात्र होत नव्हता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी मान वर केली तर काउंटरसमोरच्या खुर्चीत तुम्ही. पांढरा धुतलेला शर्ट, खिशाला पेन, हातात टोकन. तुमच्या आधी तिघं होते. मी उठू लागले तर हातानेच थांबवलंत, तुमचा नंबर येईपर्यंत बसून राहिलात. मग समोर येऊन म्हणालात, "मॅडम, एक समजावून सांगा. ह्या गाडीत कुठवरी माहं हाये, अन कुठून कंपनीचं?"

सगळं सेंटर ऐकत होतं. मी म्हटलं, "चला, दाखवते."

यार्डात गाडीचं बॉनेट उघडलं. मी बोट ठेवून दाखवत गेले. हे समोरचं तोंड, इथून हवा शिरते. ही नळी, हा डबा, डब्यात फिल्टर. फिल्टरपासून पुढे सेन्सर, थ्रॉटलची झडप, इंजिन. "फिल्टर आणि त्याच्या पुढचं सगळं कंपनीचं, मामाजी. तिथे हात लावला की वॉरंटीवर बोलायला मला तोंड राहत नाही. पीयूसीचा आकडाही तिथेच बिघडतो."

"अना फिल्टरच्या आधीची हवा?"

मी डब्यावरचं बोट मागे, समोरच्या तोंडाकडे नेलं. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. "तोंड कापायचं नाही. भोक पाडायचं नाही. स्क्रू मारायचा नाही. हाताने काढता आलं पाहिजे. पाणी आत जायला नको, कारण इंजिनात पाणी गेलं तर ते सगळ्यात वाईट. आणि हवा कमी पडायला नको."

तुम्ही खिशातून खडू काढलात. पेनाच्या मागे खडू होता, म्हणजे आधीच ठरवून आला होतात. फिल्टरच्या डब्यावर एक आडवी रेघ ओढलीत. "ह्या रेघेच्या पलीकडे मी येत नाई. अलीकडे तू येऊ नको."

मी म्हटलं, "अलीकडेही मी तपासणार."

तुम्ही हसलात. चार दिवसांनी. आणि जाताना म्हणालात, "घरी जेवाले शेंगांची भाजी करजो." आईंना नाही, मला.

पुढचे तीन महिने आपल्या घरात जे चाललं, त्याला नीलेश "प्रकल्प" म्हणायचा. मिलमध्ये भुसा आणि हवा वेगळी करायला उंच पत्र्याचं नरसाळं असतं, त्यात हवा गोल फिरवतात, जड ते कडेला आपटून खाली पडतं, हलकी हवा वरून निघून जाते. तुम्ही आयुष्यभर ती जोडली, उचकली, पुन्हा जोडली. आता तीच गोष्ट तुम्हाला तेलाच्या रिकाम्या डब्याएवढी करून गाडीच्या हवेच्या तोंडावर, फिल्टरच्या आधी बसवायची होती. आईंचा गोडेतेलाचा डबा गेला, मग माझा बिस्किटांचा गेला, मग दुकानातला औषधाचा एक गेला आणि मी तो परत न्यायला लावला.

पहिल्या डब्याने गाडी दमायला लागली. मुर्रीचा चढ नसलेला रस्ताही तिला चढ वाटायचा. तोंड लहान पडलं होतं. दुसऱ्याने शिटी वाजायला लागली. साधी नाही, प्रेशर कुकरसारखी. पहाटे सहाला तुम्ही शेतावर निघायचात आणि गल्लीतली कुत्री तुमच्या मागे. शेजारच्या काकू आईंना म्हणाल्या, "तुमचा मानूस जाऊन रायला का मालगाडी?" तुम्ही मिलमधल्या जुन्या मिस्त्रींना घेऊन बसलात, तोंड रुंद केलंत, कड गोल वळवलीत. शिटी गेली. मग मी नळी घेऊन डब्यावर पाणी सोडलं. तुम्ही ओरडलात, "कायले भिजवून रायली व!" पाणी आत गेलेलं दाखवल्यावर बुडाला पाणी निथळायला फट ठेवलीत. तोंडाला रबराची बाही, तिच्यावर चिमटा. दोन बोटांनी काढता येणारा.

आपण दर वेळी पप्पूभाईकडे जायचो. डबा लावून एकदा, काढून एकदा. पप्पूभाई म्हणायचा, "बाबूजी, पूरे गोंदिया में इस मशीन को काम आपने ही दिया है." दोन्ही आकडे सारखे आले त्या दिवशी तुम्ही दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरलेत, जणू नोट खरी की खोटी पाहताय.

मी तेवढ्यावर थांबले नाही. कंपनीला रीतसर लिहिलं, फोटो जोडले, विचारलं. तुम्हाला माझा राग आला. "चालून रायलं ना बरोबर, मंग कायले विचारतं?" मी म्हटलं, उद्या दुसऱ्या कुणाला मी नाही म्हटलं तर तो तुमचा डबा दाखवेल. उत्तर यायला फार दिवस लागले. आलं ते दोन ओळींचं आणि कंपन्या लिहितात तसं: काढता येणाऱ्या बाह्य जोडणीमुळे आपोआप वॉरंटी जात नाही, मात्र तिच्यामुळे बिघाड झाला तर जबाबदारी मालकाची. मला ते अगदीच गुळमुळीत वाटलं. तुम्ही त्याला लॅमिनेशन करून आणलंत आणि गाडीच्या कप्प्यात ठेवलंत, लायसन्सच्या वर.

त्या हंगामात आपण सगळे चोरखमाऱ्याला गेलो होतो, तुमच्या बहिणीकडे. तलावाच्या खालच्या शेतांत मळणी चालू होती. रस्ताभर धूळ. परतल्यावर तुम्ही डब्याचं बूड उघडलंत आणि वर्तमानपत्रावर ओतलंत. भुशाचा आणि मातीचा एवढा ढीग पडला की आई म्हणाल्या, "हे सारं आपन पोटात घेऊन आलो असतो." तुम्ही म्हणालात, "आपन नाई, गाडी." आणि माझ्याकडे पाहिलंत.

त्यानंतरच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने फिल्टर टेबलावर आपटला. काही पडलं नाही. पुन्हा आपटला. चौघं-पाचजण गोळा झाले. फिल्टर जवळजवळ पांढरा होता. तुम्ही मागे हात बांधून उभे होतात, इकडे न बघता, पण कान सगळे इकडे. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण शेरा मी लिहिणार. मी फिल्टर उजेडात धरला. फार चांगलं काम होतं, मामाजी. माझ्या नोकरीत इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नव्हतं. आणि मी काय म्हटलं? "ठीक आहे. नेक्स्ट."

का म्हटलं असं, कोण जाणे. सगळ्यांसमोर सासऱ्याचं कौतुक करायला संकोच वाटला. वाटलं, मॅडमपणा राहिला पाहिजे. तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. घरी मी शेंगांची भाजी केली. तुम्ही दोनदा मागून घेतलीत. वाटलं, समजलं असेल. पण भाजी म्हणजे काही शब्द नाही. शब्द राहूनच गेला. मग ते राहणंच पुढे पुढे गेलं, आणि तीन आठवड्यांपूर्वी त्या दुपारी तुम्ही जेवून पलंगावर आडवे झालात ते उठलाच नाहीत.

परवा पप्पूभाई बसायला आला. ओसरीत मला पाहून उभाच राहिला, हात जोडून. मला वाटलं, आता हाही म्हणणार, शांत माणूस होते. पण तो म्हणाला, "भाभी, आप वही हो ना, जिन्होंने बाबूजी का क्लेम काट दिया था?"

 नीलेश मान खाली घालून बसला. मी हळूच म्हटलं, "हो, मीच."

पप्पूभाई सतरंजीवर बसला, इतर लोकांकडे वळला आणि सांगायलाच लागला. "बाबूजी हर किसी को बोलते थे. मेरी टपरी पे जो आए, उसको. बोले, माह्या सुनेनं माहाच क्लेम कापला. घरचा मानूस, तरी सोडला नाई. असी सून पाह्यजे जी. छाती ठोक के बोलते थे. मैंने दस बार सुना होगा." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "उसके बाद मैं भी बिना नली डाले पर्ची नहीं देता, भाभी. बाबूजी का डर था. अब आदत हो गई."

मी आत गेले. या वेळी हसायला नाही.

म्हणजे तुम्ही माझं कौतुक साऱ्या गोंदियाला सांगत फिरत होतात आणि मला कळूही दिलं नाही. आणि मी तुमचं कुणालाच सांगितलं नाही. तुम्ही म्हणाल, फिट्टमफाट. नाही, मामाजी. तुम्ही निदान तोंड उघडलंत. मी बॉनेटच उघडत राहिले.

तर आता सांगते, नीट सांगते. डबा चांगला झाला होता. पहिला वाईट होता, दुसरा भयंकर होता, पण शेवटचा अप्रतिम झाला होता. हवा कमी पडली नाही, पाणी आत गेलं नाही, पीयूसीचा आकडा हलला नाही, आणि रेघेच्या पलीकडे तुम्ही एकदाही बोट लावलं नाही. मी रोज उघडून बघत होते, तुम्हाला न सांगता. आमगावच्या त्या माणसालाही मी फोन करून डब्याबद्दल सांगितलं. तो मुर्रीला येणार होता, तुमच्याकडून एक करून घ्यायला. आता मिलमधल्या मिस्त्रींनी करून द्यायचं कबूल केलं आहे. पाणी मी सोडून बघणार.

एक गोष्ट मात्र मला अजून पटलेली नाही. तुम्ही म्हणायचात, पुस्तकातल्या तारखेला कशाला बदलायचा फिल्टर, पांढरा आहे तर राहू दे. मी म्हणते, पांढरा दिसला तरी तारखेला बदलायचा. यावर आपण त्या शेवटच्या सकाळीही चहा थंड होईपर्यंत भांडलो. ते भांडण मी सोडणार नाही.

सोमवारी गाडीची वॉरंटीतली शेवटची सर्व्हिसिंग आहे. घरच्या गाडीचे कागद माझ्या हातून होऊ नयेत हे त्या पांढऱ्या फिल्टरनंतर मीच मागून घेतलं होतं, त्यामुळे तपासायला नवा माणूस असेल. नागपूरहून आलेला, कडक आहे म्हणतात. नीलेश विचारत होता, डबा काढून नेऊ का, उगाच वाद नको. मी म्हटलं, लावूनच ने. मी रजा टाकली आहे. टोकन घेईन, नंबर येईपर्यंत बसेन. आणि त्या माणसाने शेऱ्यात काही वाकडं लिहायला घेतलं, तर या वेळी मी काउंटरच्या अलीकडून भांडणार आहे, मामाजी, तुमच्या बाजूने.

तुमची सून,
वैशाली